शून्य ब्रेकडाऊन

१ जानेवारी, गुरुवार
नवी डायरी. आमच्या फॅक्टरीला प्लास्टिकचे दाणे पुरवणाऱ्या पार्टीने दिली. मागच्या वर्षीची हिने फोन नंबर लिहायला घेतली आणि वाट लावली. यंदाची कपाटात, कुलपात.

संकल्प. रोज लिहायचं. आवाज चढवायचा नाही. गोड बंद. आणि मुख्य म्हणजे एक लाख.

एक लाखाचं सविस्तर लिहितो, पुढेमागे वाचायला बरं. आमचा 'सेडान परिवार' हा ग्रुप. आमच्याच मॉडेलचे मालक, बाहेरच्याला प्रवेश नाही. मी ज्येष्ठ सदस्य. ज्याच्या सेडानचे एक लाख किलोमीटर एकाही ब्रेकडाऊनशिवाय होतात त्याला 'लक्षवीर' किताब आणि मागच्या काचेवर लावायला निळा बिल्ला. अख्ख्या ग्रुपमध्ये असे तिघेच. चौथा मी.

नियम कडक आहे. गाडी टो करून न्यावी लागली की ब्रेकडाऊन. स्वतःहून थांबली आणि स्वतःहून चालू झाली तर ती विश्रांती. माझ्या सेडानने सात वर्षांत एकोणीस वेळा विश्रांती घेतली आहे. ब्रेकडाऊन शून्य. विश्वासार्हता म्हणतात ती हीच.

आज काटा ९९,६४०. उरले ३६०. सासूबाई मेव्हण्यांकडे असतात ते गाव इथून १८०. जाऊन येऊन ३६०! अंगावर काटा आला. सासूबाई ऑक्टोबरपासून अंथरुणाला खिळून आहेत आणि ही रोज आईला भेटायचं म्हणून मागे लागली आहे. एका फेरीत दोघींचं काम होईल. दोघी म्हणजे ही आणि सेडान.

चहात साखर घेतली. गोड म्हणजे मिठाई, असं मनात होतं.

२ जानेवारी
हिला सांगितलं, रविवारी ११ तारखेला निघायचं. खूश झाली. म्हणाली, याच रविवारी का नको. सांगितलं, तयारी लागते.

एक लाख बरोबर आपल्या बिल्डिंगच्या दारात पूर्ण व्हायला हवेत. म्हणजे तोवर सेडान जागची हलवायची नाही. आजपासून ऑफिसला बसने. त्याग म्हणायला हरकत नाही.

८ जानेवारी
बसमध्ये उभं राहून कंबर मोडली. सेडान खाली मस्त विश्रांती घेते आहे. रोज जाऊन पुसतो.

फॅक्टरीत एक लॉट नापास केला. बाटलीच्या झाकणाला केसाएवढी कड राहिली होती. मशीनवाला गयावया करत होता, साहेब, झाकण बसतं नीट, गळत नाही. त्याला म्हटलं, क्वालिटी विभागात सबबी चालत नाहीत. एकदा नापास म्हणजे नापास. उगाच नाही बावीस वर्षं इन्स्पेक्टर आहे मी.

११ जानेवारी, रविवार. सकाळी ७
हिने पहाटेच उठून डबे भरले, आईसाठी मऊ भात वेगळा. मी सेडानमध्ये बसलो, किल्ली फिरवली. टक्. परत फिरवली. टक् सुद्धा नाही.

सकाळी ११
बिल्डिंगमधल्या चौघांनी ढकलून पाहिली. (ढकलणं म्हणजे टोइंग नव्हे.) मागून ही पण ढकलत होती, साडी खोचून. स्टिअरिंगवर अनुभवी माणूस लागतो म्हणून मी आत होतो. चालू झाली नाही. ही म्हणाली की आपण बसने जाऊ, अजून साडेअकराची मिळेल. घरात सेडान असताना बस! लोक काय म्हणतील? ढकलणारे चौघे तिथेच उभे होते.

पुढच्या रविवारी नक्की.

१३ जानेवारी
आमच्या मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणतात. गुणी माणूस. तपासून म्हणाला, साहेब, सेडान ठणठणीत आहे, नुसती उभी राहून आळसावली. बॅटरी बदलली. गेल्या वर्षीही हीच आळसावली होती. दुसरे मेकॅनिक नाही नाही ते दोष काढतात. हा कधीच काढत नाही. म्हणूनच मी त्याच्याकडे जातो.

घरी येऊन म्हटलं, डॉक्टर म्हणाले काळजीचं काही कारण नाही. हिचं तोंड असं उजळलं! सासूबाईंचे डॉक्टर वाटले तिला. खुलासा केल्यावर परत पडलं. बायकांचा मूड.

१४ जानेवारी
घात झाला. काटा ९९,६६२. डॉक्टर काल ट्रायल घेतो म्हणून सेडान घेऊन गेला आणि बावीस किलोमीटर भटकून आला. सगळं गणित कोसळलं. आता एक लाख घराच्या बावीस किलोमीटर आधीच होणार. म्हणजे हायवेवर, कुठल्याशा पेट्रोल पंपासमोर. तिथे कोण बघणार?

रविवारचं रद्द. विचार करावा लागेल. हिला सांगितलं, पुन्हा आळसावली.

२२ जानेवारी
मेव्हण्यांचा हिला फोन. सासूबाईंच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या, एका कुशीवर किती पडणार. ही संध्याकाळी दुकानात जाऊन हवेची गादी घेऊन आली. चांगली आहे, मशीन लावलं की हवा आपोआप खालीवर होते. म्हणाली, उद्याच कुरिअरने पाठवते.

मी म्हटलं, कुरिअर कशाला? कॉम्पॅक्ट सेडान घेतली कशासाठी? डिकीसाठी. साध्या गाडीत आणि सेडानमध्ये फरक तोच. गादी मी स्वतः डिकीत ठेवली. अजून अर्धी डिकी रिकामी! फोटो काढून ग्रुपवर टाकला. एकतीस अंगठे आले.

२४ जानेवारी
डिकी उघडत नाही.

२५ जानेवारी
किल्लीने नाही, आतल्या खटक्याने नाही. डॉक्टर म्हणाला, लॉक फार मजबूत आहे साहेब, चोराच्या बापाला उघडायचं नाही. अभिमान वाटला. उघडायचं तर पत्रा कापावा लागेल म्हणाला. मी म्हटलं, हात लावू नकोस. मूळ पत्रा आहे, रिसेलला किंमत मिळते ती त्याचीच.

ग्रुपवर 'सुरक्षितता' या सदरात लिहिलं. पाचपैकी पाच तारे.

३ फेब्रुवारी
गादी अजून डिकीत. ही रोज विचारते. तिला समजावलं की वस्तू सुरक्षित आहे, हरवलेली नाही. यावर ती म्हणाली की आईच्या पाठीचं मांस दिसायला लागलंय. जेवताना असलं बोलू नये. पण आवाज चढवला नाही. संकल्प पाळतो आहे.

६ फेब्रुवारी
संध्याकाळी घरी आलो तर सेडानचं मागचं सीट पार्किंगमध्ये जमिनीवर. हिने स्क्रू काढून सीट उपटलं, त्या भोकातून हात घालून गादी ओढून काढली आणि दुपारीच कुरिअरला दिली. शेजारच्या काकू टॉर्च धरून उभ्या होत्या म्हणे. हात कोपरापर्यंत सोलवटला होता.

सीटच्या दोन क्लिपा तुटल्या! मूळ क्लिपा! सात वर्षं डोळ्यांत तेल घालून जपल्या होत्या. मी आवाज चढवला. चढवायलाच हवा होता. आता सीट बसवलं तरी कुरकुरतं.

रात्री हिने जेवण वाढलं आणि स्वतः जेवली नाही. माझी भूकही अर्धी झाली. भात तेवढा दोनदा घेतला.

१५ फेब्रुवारी, रविवार
हायवेवर काम चालू आहे असं ऐकलं. धूळ उडते, फिल्टर खराब होतो. आज गेलो नाही.

सासूबाईंनी फोनवर हिला विचारलं म्हणे, आज रविवार ना? त्या पडल्या पडल्या फक्त रविवार लक्षात ठेवतात. म्हातारपणी कसला ना कसला छंद हवाच.

२० फेब्रुवारी
आज हिचा फोन चार्जिंगला होता आणि त्यावर मेसेज आला. उद्या सकाळच्या बसचं तिकीट! मला न विचारता! नवऱ्याची सेडान दारात असताना बायको चोरून बसने जाते, हे जर परिवाराला कळलं तर माझ्या रिव्ह्यूंना काय किंमत राहिली? साडेतीन वर्षं लोकांना सांगतोय की लांबच्या प्रवासाला यासारखी सेडान नाही.

तिकीट कॅन्सल केलं. तिच्याच फोनवरून, त्यामुळे कसली लबाडी नाही. मग तिला शांतपणे सांगितलं. म्हटलं, तुझी कंबर बसमध्ये मोडेल, माझा जीव राहत नाही. ती म्हणाली की मला आईकडे जायचंय. एवढंच. तीन वेळा तेच वाक्य. समोरच्याचा मुद्दा ऐकून घ्यायची सवयच नाही तिला.

शेवटी मुलांसारखी समजूत काढली. आठ-पंधरा दिवसांत नेतोच, शब्द दिला. तीस वर्षांत शब्द मोडला आहे का, विचारलं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. म्हणजे पटलं असावं.

१ मार्च, रविवार
काय योग आहे! ग्रुपच्या अध्यक्षांनी वार्षिक मेळाव्याची जागा जाहीर केली. १५ मार्च, सकाळी अकरा, हायवेवरच्या हॉटेलचं लॉन. नकाशात पाहिलं. घरापासून बरोबर बावीस किलोमीटर. त्या पेट्रोल पंपामागेच!

म्हणजे १४ तारखेला शनिवारी सकाळी सासूबाईंकडे. मुक्काम. १५ ला सकाळी निघून थेट मेळाव्यात. चारशे सदस्यांसमोर काटा एक लाखावर फिरणार. बिल्ला तिथल्या तिथे. डॉक्टरने ट्रायलला नेली ती किती बरं केलं. अध्यक्षांना कळवलं. त्यांनी हार घालणार म्हणून लिहिलं आहे.

हिला सांगितलं, १४ तारीख पक्की. सासूबाईंना भेटायला दोन आठवड्यांत नेतोय म्हटल्यावर उड्या मारायला हव्या होत्या. हो म्हणाली फक्त.

५ मार्च
हिचा फोन लागेना म्हणून मेव्हण्यांनी मला फॅक्टरीत फोन केला. रडत होते. पन्नाशीचा माणूस, लाज वाटायला हवी. म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलं, आईचे फार दिवस नाहीत, बहिणीला आज-उद्या धाडा. मी धीर दिला. म्हटलं, डॉक्टर लोक राईचा पर्वत करतात, आम्ही चौदाला येतोच.

हिला काय सांगायचं, यावर बसमध्ये खूप विचार केला. खरं सांगितलं तर रडणार, झोपणार नाही, बीपी वाढणार. आणि उठून सरळ बस पकडणार. मग एकट्याने सेडान नेण्यात अर्थ काय? उगाच फिरवलेले किलोमीटर ग्रुप धरत नाही, कौटुंबिक कारण लागतं. शिवाय नऊ दिवसांचाच प्रश्न.

घरी आल्यावर सांगितलं, मेव्हण्यांचा फोन होता, सगळं ठीक आहे, चौदाची वाट बघतायत. तिला किती बरं वाटलं. आईसाठी सुती गाऊन शिवायला घेतला, पाठीमागून उघडा, नाड्यांचा, म्हणजे घालताना हलवावं लागत नाही. तिची झोप वाचवली याचं समाधान वाटलं.

११ मार्च
मेव्हण्यांचे रोज फोन. मीटिंगमध्ये आहे म्हणून सांगतो. हिलाही करत असतील, पण हिचा फोन सध्या माझ्याकडे आहे. स्क्रीन दुरुस्तीला टाकतो म्हणून पाच तारखेलाच रात्री घेतला. टाकणारच आहे.

१३ मार्च
सेडान धुतली, पॉलिश केली. टायरला काळा रंग. डॉक्टरने कूलंट बघून सांगितलं, मख्खन आहे साहेब, बिनधास्त जा. खाली थोडं हिरवं पाणी सांडलेलं दिसलं. धुण्याचंच असणार.

हिला फोन परत दिला. स्क्रीनचं पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं.

१४ मार्च, शनिवार. सकाळी ८.३०, रस्त्याच्या कडेला
सहाला निघालो. एकशे दहा किलोमीटर अप्रतिम. मग तापमानाचा काटा वर गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि सेडान सव्वाआठला थांबली. विश्रांती क्रमांक वीस. काटा ९९,७७२.

झाडाखाली बसून लिहितो आहे. ही गाऊनची पिशवी मांडीवर घेऊन दगडावर बसली आहे. हवा छान आहे.

सकाळी ९
आत्ता पावणेनऊला हायवेची टोइंग व्हॅन आपणहून आली! बोलावलं नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, काका, रेडिएटर गेलाय, ही आज चालू होत नाही, मागे लावतो, तुम्ही दोघं पुढे बसा, मी त्याच गावाला चाललोय, दोन तासांत दारात सोडतो. फुकट सेवा आहे म्हणे.

फुकट! सात वर्षांची तपश्चर्या, उरले दोनशे अठ्ठावीस किलोमीटर, उद्या हार, आणि हा म्हणतो मागे लावतो. ही तर पिशवी घेऊन निघालीच. एक पाय पायरीवर ठेवलासुद्धा होता. मी दंडाला धरून खाली उतरवलं. म्हटलं, दहा मिनिटांत चालू होईल, या खटाऱ्याच्या आधी आपण पोचू. ड्रायव्हरला म्हटलं, आम्ही निसर्ग बघायला थांबलोय. तो हिच्याकडे बघत राहिला. मग गेला.

व्हॅन वळणापलीकडे जाईपर्यंत ही बघत होती.

सकाळी १०.४५
दहा मिनिटं झाली. इंजिन नीट थंड व्हायला हवं, घाईत काम बिघडतं. पाण्याच्या दोन्ही बाटल्या रेडिएटरला ओतल्या. हिला तहान लागली होती, पण प्राधान्य ठरवावं लागतं.

साडेदहाला हिच्या फोनवर मेव्हण्यांचा फोन आला. ती लांब जाऊन बोलली. परत आली आणि मला विचारलं की पाच तारखेला दादाने तुम्हाला काय सांगितलं होतं. मी म्हटलं, आत्ता इंजिनकडे लक्ष आहे. ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, दोन्ही हात वर करून. भाजीचा टेम्पो कचकन थांबला. ती मागे कोबीच्या पोत्यांवर चढून बसली. या वयात. मी हाक मारली की दहा मिनिटं थांब. टेम्पो गेला.

कौटुंबिक कारणच निघून गेलं. पण निघताना दोघं होतो, ग्रुपला तेवढं चालावं.

संध्याकाळी ७, मेव्हण्यांच्या घरी
चारला चालू झाली! स्वतःहून! दर दहा किलोमीटरला थांबत, डबक्यातलं पाणी घालत पोचलो. टोइंग नाही. काटा ९९,८४२. दाराशी आल्यावर जोरात हॉर्न दिला.

कुणी बाहेर आलं नाही. सासूबाई दुपारी बारा वाजता गेल्या. ही साडेबाराला पोचली.

वाईट वाटलं. खरंच. मला नेहमी जावईबापू म्हणायच्या. मेव्हण्यांची बायको सांगत होती, सकाळपासून शुद्धीवर होत्या, गाडीचा आवाज आला की मान फाटकाकडे वळवायच्या. मी म्हटलं, बघा, माझ्या सेडानची त्यांनाही किती ओढ. ती उठून गेली. दुःखात माणसं तऱ्हेवाईक वागतात.

अंत्यविधी उद्या सकाळी आठला, लांबचे लोक यायचेत. तिथून नऊला निघालो तर मेळावा थोडा उशिरा का होईना गाठता येईल. अध्यक्षांना तसं कळवलं. घरापुढे सावली नाही, फक्त फाटकावर झाड आहे. सेडान फाटकाला अगदी लावून आडवी उभी केली. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला. सुरक्षितता.

हिने अंगावरची साडी बदलली नव्हती. कोबीची पानं चिकटली होती. सांगितलं तिला. झटकली नाहीत.

१५ मार्च, रविवार. दुपार
आजचा दिवस लिहायला नको वाटतं. पण संकल्प.

आठला शववाहिका आली. सेडान फाटकात. किल्ली फिरत नाही, हँडब्रेक वर अडकलेला, गिअर पहिल्यातच. ढकलली तर इंचभर हलेना. घराला एकच फाटक, दोन्हीकडे छातीएवढी भिंत. पंचवीसेक माणसं अंगणात, सासूबाई अंगणात, शववाहिका रस्त्यावर, आणि मध्ये सेडान.

मेव्हणे म्हणाले, क्रेन बोलावतो. मी हात जोडले. म्हटलं, दहा मिनिटं द्या. दिली. मग आणखी दहा दिली. मग त्यांच्या कुणा मावसभावाने ओरडून सांगितलं की वरून न्या. म्हणजे बॉनेटवरून! स्ट्रेचर बॉनेटवर टेकवायचं आणि पलीकडच्यांनी ओढून घ्यायचं.

मी फक्त एवढंच म्हटलं की आधी खाली काहीतरी जाड घाला, परवाच पॉलिश केलंय.

हिने आतून ब्लँकेट आणलं. मला वाटलं, घालते आहे. तिने ते आईच्या अंगावर नीट चारी बाजूंनी खोचलं आणि म्हणाली, उचला. बॉनेटवर वीतभर लांब ओरखडा आला. पत्र्यापर्यंत. मी बघितलं, पण बोललो नाही. प्रसंगाचं भान मला असतं.

दुपारी ४
अंत्यविधीहून सगळ्यांबरोबर चालत परत आलो तर सेडान हवेत. क्रेनला लटकलेली, चारही चाकं वर. खाली ही उभी. क्रेनवाल्याला हूक कुठे अडकवायचा ते हिनेच दाखवलं म्हणे. कागदावर सही हिची. सेडान हिच्या नावावर आहे, बायकांना टॅक्समध्ये सूट होती म्हणून. मी धावलो, थांबवा म्हणून ओरडलो. तिने क्रेनवाल्याला हाताने सांगितलं, चल.

९९,८४२. ब्रेकडाऊन एक.

ग्रुपवर अध्यक्षांनी विचारलं, कुठे पोचलात, हार आणलाय. घरात दुःखद घटना घडली म्हणून कळवलं. ऐंशी जणांनी हात जोडले. मनापासून लिहिलं होतं मी.

१६ मार्च, सोमवार
फॅक्टरीत उद्या हजर व्हायला हवं. बॅग भरली. हिला म्हटलं, चल. ती म्हणाली की मी येत नाही. म्हटलं, बरं, आठ दिवसांनी ये, मी घ्यायला येईन. ती म्हणाली की घ्यायला येऊ नका, आठ दिवसांनीही नाही आणि नंतरही नाही. मन स्थिर नाही तिचं. मी वाद घातला नाही.

पायरीवर बूट घालत होतो तेव्हा मागे येऊन उभी राहिली. वाटलं, बदललं मन. तिने विचारलं, परवा त्या व्हॅनमध्ये बसलो असतो तर किती वाजता पोचलो असतो?

हिशोबाचा प्रश्न विचारला की मला बरं वाटतं. लगेच सांगितलं. पावणेनऊला व्हॅन, सत्तर किलोमीटर, दोन तास. पावणेअकरा.

ती म्हणाली, आई बारा वाजता गेली. मी म्हटलं, हो, माहीत आहे. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला.

बसस्टॉपवर बसून लिहितो आहे. दोन बस सोडल्या. हिशोब परत करून बघतोय. ड्रायव्हरने व्हॅन हळू चालवली असं धरलं तर सव्वाअकरा. मध्ये चहाला थांबला असं धरलं तर साडेअकरा. टायर पंक्चर धरला, बदलायला पंधरा मिनिटं धरली, तरी पावणेबारा.

बारा काही केल्या होत नाहीत.